माकुळाच्या चेतातंतूपासून मेमरिस्टरपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या नॅनोसायन्स विभागातून मेमरिस्टरवरचे (वाहून गेलेल्या भारानुसार ज्याचा रोध बदलतो अशा विद्युत घटकावरचे) शोधनिबंध बरीच वर्षे प्रसिद्ध होत आहेत आणि त्यांत ‘कृत्रिम सिनॅप्स’ हा शब्द वारंवार भेटतो; सिनॅप्स म्हणजे दोन चेतापेशींमधला जोड. राजाराम किंवा विवेकानंद कॉलेजातून फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालेली मुले या विषयाकडे वळतात, तेव्हा ऑक्साइडचे पातळ थर त्यांच्या ओळखीचे असतात. चेतापेशी मात्र बारावीच्या जीवशास्त्रातच मागे राहिलेली असते. ही पार्श्वभूमी मुख्यतः त्यांच्यासाठी.

चेतापेशीचे गणित मांडण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९०७ सालचा. पॅरिसमध्ये लुई लापिक यांनी बेडकाच्या चेतातंतूला विजेचे झटके दिले आणि तंतूच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला, गळका कपॅसिटर मानून हिशेब केला. भार साठत जातो, थोडा गळतो आणि ठरावीक पातळी ओलांडली की तंतू उत्तेजित होतो. त्या पटलातून नेमके काय आत-बाहेर जाते, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. तरीही हाच साचा, थोड्या सुधारणांसह, आजही लाखो पेशींच्या सिम्युलेशनमध्ये वापरतात.

पुढचे मोठे पाऊल पडले ते माकुळामुळे. धोका जाणवला की माकूळ पाण्याचा फवारा सोडून झपकन मागे जाते. त्या झेपेचा निरोप नेणारा अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा लांब धागा, सुमारे अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणजे त्याच्या आत तार घालता येते. रत्नागिरीकडून आपल्या मासळी बाजारात येणारे माकूळ याच जातकुळीतले. जे. झेड. यंग यांनी १९३६ मध्ये हा तंतू शास्त्रज्ञांच्या नजरेस आणून दिला. १९३९ मध्ये अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी प्लिमथला त्याच्या आतला विद्युतदाब मोजला, आणि लगेच महायुद्ध सुरू झाल्याने काम थांबले.

युद्धानंतर व्होल्टेज क्लॅम्पची युक्ती हाती आली. पटलावरचा विद्युतदाब हवा तिथे धरून ठेवायचा आणि त्यासाठी किती प्रवाह लागतो ते मोजायचे. त्यातून दिसले की आधी सोडियम आत शिरतो, मग थोड्या उशिराने पोटॅशियम बाहेर पडतो आणि एक-दोन मिलिसेकंदांत सगळा खेळ आटोपतो. हे आकडे त्यांनी चार समीकरणांत बसवले. ती सोडवायला केंब्रिजचा संगणक घ्यायचा होता, पण तो फेरबदलांसाठी सहा महिने बंद होता. मग हक्सलींनी हाताने फिरवायच्या ब्रुन्सविगा यंत्रावर पायरी-पायरीने उत्तर काढले. समीकरणांनी सांगितलेला संदेशाचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२ मीटर. नुसत्या पटलाच्या मोजमापांवरून इतके जवळ पोचणे ही जीवशास्त्रात फार मोठी गोष्ट होती.

१९५२ चे हे निबंध प्रत्येकाने मुळातून वाचावेत असे मला मनापासून वाटते, त्यांतल्या सावधपणासाठी. पोटॅशियमची वाट खुलायला चार सारखे कण एकाच वेळी जागेवर यावे लागतात, असे त्यांनी धरले होते. मात्र समीकरणे जुळली म्हणून आत हीच यंत्रणा आहे असे सिद्ध होत नाही, हेही त्यांनी स्वतःच लिहून ठेवले. अशा एकेका वाटेचा, म्हणजे चॅनेलचा, प्रवाह मोजणे नेहर आणि साकमान यांना १९७६ मध्ये जमले. पुढे पोटॅशियम चॅनेलची रचना उलगडली, तेव्हा तो खरोखर चार घटकांचा निघाला.

संशोधनाचा दुसरा धागा पेशी शिकतात कशा याचा. मॅककुलक आणि पिट्स यांनी १९४३ मध्ये चेतापेशीला हो-नाही सांगणारा तर्काचा घटक मानले. डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये सुचवले की एक पेशी दुसरीला पुन्हा पुन्हा चेतवण्यात भाग घेत असेल, तर त्यांच्यातला जोड बळकट होतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशाच्या मेंदूत असे टिकून राहणारे बळकटीकरण दाखवले. १९९० च्या दशकात कळले की जोड बळावणार की दुबळा होणार, हे दोन पेशींच्या स्पंदांमधल्या काही मिलिसेकंदांच्या मागेपुढेपणावरही ठरते. मेमरिस्टरच्या निबंधांत दिसणारे सिनॅप्सचे आलेख या शेवटच्या शोधाची नक्कल करतात.

खुद्द मेमरिस्टरची कल्पना लिऑन चुआ यांची, १९७१ ची. किती भार वाहून गेला त्यावर ज्याचा रोध ठरतो, असा रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर यांच्या पंक्तीतला चौथा घटक त्यांनी कागदावर मांडला. टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात तो दाखवल्याचा दावा एचपीच्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये केला. पण आपल्या विद्यार्थ्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट मधल्या काळातली आहे. १९७६ मध्ये चुआ आणि कांग यांनी दाखवले की हॉजकिन-हक्सली समीकरणांतल्या सोडियम-पोटॅशियमच्या वाटा याच कुळात बसतात. म्हणजे मेमरिस्टरचे नाते सिनॅप्सइतकेच, किंबहुना आधी, अक्षतंतूशी जुळलेले आहे. निव्वळ सिनॅप्सवर भर दिल्याने ही बाजू झाकली जाते, याची मला खंत वाटते.

एका पेशीकडून एकमेकींना जोडलेल्या पेशींच्या मंडलाकडे आले की अडचण वाढते. सी. एलिगन्स या कृमीच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ मध्ये छापून आला, तरी तो कृमी वळतो कसा याचे पूर्ण उत्तर नकाशावरून मिळाले नाही. जोडणी कळली म्हणून तिथली गती कळत नाही.

ईव्ह मार्डर यांनी खेकडे आणि लॉब्स्टर यांच्या जठरातले अन्न दळणारे, सुमारे तीस पेशींचे मंडल वर्षानुवर्षे अभ्यासले. २००४ मध्ये प्रिंझ, ब्युखर आणि मार्डर यांनी त्याच्या एका भागाची दोन कोटींहून अधिक प्रतिरूपे संगणकावर चालवली. चॅनेलचे आणि सिनॅप्सचे आकडे एकमेकांपासून खूप वेगळे असूनही असंख्य प्रतिरूपांनी जवळजवळ एकच लय दिली.

प्रयोगशाळेत एकाच पद्धतीने बनवलेले दोन मेमरिस्टर सारखे वागत नाहीत, आणि तो दोष मानून तो काढण्यात बरीच मेहनत जाते. खेकड्याच्या पेशींतही फरक असतो, पण मंडल त्यासह चालते. १९९३ मध्ये लमासाँ, मार्डर आणि अ‍ॅबट यांनी एक प्रतिरूप मांडले होते. त्यात पेशी स्वतःतल्या कॅल्शियमवरून आपली विद्युत सक्रियता जोखते आणि चॅनेलचे प्रमाण आपणच कमी-जास्त करते. उपकरणांच्या फरकावर काम करणाऱ्यांनी वाचनाची सुरुवात इथून करावी. आणि हॉजकिन-हक्सलींची चार समीकरणे स्वतः चालवून पाहायला न्यूरॉन किंवा ब्रायन हे मोफत सॉफ्टवेअर आणि साधा लॅपटॉप पुरतो.