पाच हजार कशाचे?

सरकारनं आईबापांना पैसे द्यावेत का, हा वाद नागपुरात हल्ली लाडक्या बहिणीच्या दीड हजारापासून सुरू होतो आणि पानठेल्यावरून उठेपर्यंत तिथंच अडकून राहतो. एक जण रेवड्या म्हणतो. दुसरा विचारतो, कारखान्याला दिली की तिचं नाव सवलत कसं होतं? हे सगळं दोनेक वर्षांत सुरू झालं, यावर मात्र दोघांचं एकमत असतं, आणि नेमकं तेच चूक आहे.

मध्य प्रांताचा प्रसूती लाभ कायदा १९३० चा. मुंबई इलाख्यानं १९२९ मध्ये देशातला असा पहिला कायदा केला आणि नागपूर राजधानी असलेल्या प्रांतानं वर्षभरात आपला आणला. गांधीसागराजवळ आज मॉल आहे तिथं १८७७ पासून एम्प्रेस मिल चालत होती. वाइंडिंग-रीलिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामाला, बायका असत, कायदा त्यांच्यासारख्यांसाठी होता. पैसे सरकारचे नव्हते, मालकानं द्यायचे होते. त्यावरूनच १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात जुंपली होती. हा बोजा धंद्यानं का उचलायचा, असा मालकांच्या बाजूचा सवाल होता. एका सदस्यानं तेव्हा कबूल केलं की भार बऱ्याच अंशी सरकारनंच उचलायला हवा, कारण लोकांचं हित जपणं हे मुळात सरकारचं काम. पण म्हणून बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालक सुटत नाही. हे सदस्य १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात कशासाठी आले होते, ते इथल्या वाचकाला सांगायला नको.

पुढची चाळीसएक वर्षं भरभर उरकता येतात. कामगार विमा योजना १९५४ मध्ये नागपुरात आली, प्रसूतीतल्या पगाराची सोय त्यात होती. केंद्राचा कायदा १९६१ चा, बारा आठवड्यांचा. दोन्हीकडे हजेरीपट असलेलीच बाई मोजली गेली. मजुरांच्या ठिय्यावर सकाळी डबा घेऊन उभी राहणारी किंवा धरमपेठेत चार घरची धुणीभांडी करणारी यात कुठं बसत नव्हती. तिच्यासाठी सरकारनं स्वतःच्या तिजोरीत हात घातला तो १९९५ च्या १५ ऑगस्टला. दारिद्र्यरेषेखालच्या बाळंतिणीला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी ३०० रुपये, काही वर्षांनी त्याचे ५०० झाले. मग २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि पैसे दवाखान्यातल्या बाळंतपणाशी बांधले गेले. खाण्यापिण्यासाठीचे जुने पाचशे त्यात बुडायला लागले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये बजावलं की ते वेगळे द्या आणि देताना बाईचं वय आणि मुलांची संख्या पाहू नका. ही मुलांच्या संख्येची गोष्ट लक्षात असू द्या.

२०१० मध्ये ४००० रुपयांची नवी मातृत्व योजना देशातल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. महाराष्ट्रात दोनच जिल्हे होते, अमरावती आणि भंडारा. मधलं नागपूर कोरडं. मौद्याची मुलगी भंडाऱ्यात दिली असेल तर तिला पैसे आणि भंडाऱ्याची मौद्यात आली असेल तर नाही, अशी गंमत काही वर्षं चालली.

त्यानंतर २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा. रेशनच्या गव्हातांदळाच्या गोंगाटात त्याचं चौथं कलम फारसं कुणी वाचलं नाही. प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपये, असं ते म्हणतं. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरदार बायका वगळल्या आहेत, कारण त्यांना भरपगारी रजा असते. कितवं मूल, याचा त्या कलमात उल्लेख नाही. पण एक शेपूट आहे: केंद्र सरकार आखेल त्या योजनांच्या अधीन राहून. पुढचं सगळं त्या शेपटाला लटकलं आहे.

तीन वर्षं देशभराची योजनाच आली नाही. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, नोटाबंदीनंतरच्या पंतप्रधानांच्या भाषणात, देशभरातल्या गरोदर बायकांना ६००० रुपयांची घोषणा झाली. लोकांनी सहा हजार ऐकले. मे २०१७ मध्ये मंत्रिमंडळानं मंजुरी दिली तेव्हा आकडा ५००० झाला होता आणि पुढं तीन शब्द येऊन बसले होते: पहिलं हयात अपत्य. ही प्रधानमंत्री मातृवंदना योजना १ जानेवारी २०१७ पासून लागू धरली गेली. हजार रुपये नोंदणीला, दोन हजार सहा महिने भरून एक तपासणी झाल्यावर, उरलेले दोन हजार जन्मनोंद आणि लसींची पहिली फेरी झाल्यावर.

कायद्यात सहा आणि योजनेत पाच, याचं सरकारी उत्तर असं की उरलेले जननी सुरक्षेतून मिळतात, म्हणजे सरासरी सहा हजार होतात. सरासरी हा शब्द इथं फार उपयोगी पडलेला आहे. महाराष्ट्र जननी सुरक्षेत चांगल्या कामगिरीच्या राज्यांत मोडतो, त्यामुळं इथं शहरात ६०० आणि खेड्यात ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या बाईलाच. इंदोऱ्यातल्या बाईचे होतात ५६००, काटोलकडच्या खेड्यातलीचे ५७००. केशरी कार्डवाली, खुल्या किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल तर पाच हजारांवर गाडी थांबली. कायदा ‘किमान’ म्हणतो आणि नागपूर जिल्ह्यात एकीचीही बेरीज त्या किमानापर्यंत जात नव्हती.

खरा गुंता मात्र ‘हयात’मध्ये आहे. गर्भपात झाला किंवा मूल मृत जन्मलं, तर राहिलेले हप्ते पुढच्या गरोदरपणात मिळतील, असं २०१७ चे नियम सांगत. मूल जन्मून, सगळे हप्ते मिळून, नंतर दगावलं, तर लाभ एकदाच, तो झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात टिमकीच्या बाजूच्या एका वस्तीत अंगणवाडीच्या ओसरीवर मी अर्ज भरून द्यायला बसायचो. अशीच एक बाई पुढ्यात आली. पहिलं लेकरू साडेचार महिन्यांचं होऊन गेलेलं. लसींची फेरी तोवर झालेली, तिसरा हप्ताही जमा. आता पुन्हा पाचवा महिना. आशाताईंनी माता-बाल कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि यादीत नाव बसत नाही म्हणाल्या. बाई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मंग ताई, हे लेकरू कितवं धरता तुमी? पहिलं का दुसरं?”

ताईंनी कार्ड परत दिलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्यांचाही इलाज नव्हता. मूल हयात म्हणून पाहिलं तर हे पहिलंच, लाभ म्हणून पाहिलं तर खातं बंद. मला विचाराल तर नियम लिहिणाऱ्यानं ‘हयात’ हा शब्द दयाळूपणानं घातला असावा, दगावलेल्या मुलापायी आईचा हक्क जाऊ नये म्हणून. खालच्या ओळीत ‘एकदाच’ आला आणि दया तिथंच संपली.

त्याच नियमावलीतलं योजनेचं उद्दिष्ट वाचलं तर वाद कुठून निघाला ते कळतं. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, रोख प्रोत्साहनाच्या रूपात, असं ते आहे. एकाच वाक्यात भरपाई आणि प्रोत्साहन. भरपाई म्हणजे देणं. मजुरी बुडाली, तेवढी भरून द्या, विषय संपला. तिला लस टोचल्याचा दाखला लागत नाही. प्रोत्साहन म्हणजे बक्षीस. सांगितलं तसं वागलात तर घ्या. दुसऱ्या बाळंतपणात मजुरी बुडत नाही, असं तर कोणी म्हणणार नाही. मग पहिल्यालाच भरपाई का? प्रोत्साहन म्हणा, लगेच पटतं. या दोन शब्दांत सरकारांनी गरजेप्रमाणे उड्या मारल्या आहेत. हक्क मागायला मोर्चा आला की प्रोत्साहन, आणि रेवडी म्हणून टीका झाली की भरपाई.

भरपाई म्हणूनच मोजू. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०१७-१८ मध्ये २०१ रुपये होती. पाच हजारांत पंचवीस दिवस बसायचे. २०२५-२६ मध्ये ती ३१२ झाली. तेच पाच हजार आता सोळा दिवसांचे. आकडा हललेला नाही. त्याच २०१७ मध्ये, १ एप्रिलपासून, नोकरदार बाईची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. सव्वीस आठवडे म्हणजे १८२ दिवस. रोजगार हमीच्या दरानं छप्पन हजारांच्या वर रक्कम होते.

आणखी एक जोडी, जी कोणी शेजारी ठेवून पाहत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला एका मुलामागं महिना २२५० रुपये शिक्षण भत्ता मिळू लागला, दोन मुलांपर्यंत. सेमिनरी हिल्सच्या केंद्रीय कार्यालयांत काम करणाऱ्याला तो पगाराचा भाग वाटतो आणि तसा तो आहेच. राज्याच्या बालसंगोपन योजनेत, म्हणजे आईबाप गमावलेल्या किंवा एकच पालक उरलेल्या मुलासाठी, २०२३ मध्ये रक्कम ११०० वरून वाढवली. किती केली? २२५०. पहिल्या रकमेवर पानठेल्यावर चर्चा होत नाही. भत्ता तर २०२४ मध्ये वाढून २८१२ रुपये ५० पैसे झालासुद्धा.

२०२२ मध्ये केंद्राच्या मातृवंदना योजनेची दुसरी आवृत्ती आली. काही गाठी सुटल्या: नवऱ्याच्या आधारची सक्ती गेली, गर्भपात किंवा मृतजन्मानंतर बाईला नव्यानं लाभार्थी धरायचं ठरलं. दुसऱ्या मुलासाठीही दार उघडलं, पण मुलगी झाली तरच. ६००० रुपये, एकरकमी, जन्मानंतर. मुलींचा जन्मदर सुधारावा हा हेतू, त्यात वावगं काही नाही. पण आता मजुरी भरपाईचं काय झालं ते पाहा. दुसऱ्या खेपेला गरोदर बाई घरी बसते तेव्हा हातात छदाम नाही, आणि मजुरी बुडाली की नाही हे मूल जन्मल्यावर ठरतं. मुलगा झाला तर नाही बुडाली.

या पार्श्वभूमीवर २८ जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पातली लाडकी बहीण पाहिली तर एक गोष्ट उठून दिसते. वय, अडीच लाखांचं उत्पन्न, दारात चारचाकी, हे सगळं विचारलं गेलं. मुलं किती हे विचारलं नाही. चार लेकरांच्या आईला दीड हजार आणि एकही नसलेलीलाही दीड हजार. राज्यानं इतक्या मोठ्या संख्येनं बायकांना मुलं न मोजता पैसे दिल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. निवडणूक तोंडावर होती म्हणून दिले, हे खरंच आहे. मुंबईत उच्च न्यायालयानं ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली, हा धोरणाचा विषय म्हणून. नागपूर खंडपीठात वेगळी याचिका आली, तिच्यात अशा मोफत योजनांच्या खर्चालाच आव्हान होतं. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली आणि ई-केवायसीला नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला. केंद्रानं तीन वर्षांपूर्वी काढलेली अट राज्यात मागच्या दारानं आली. विधवा आणि घटस्फोटित बायका अडल्या, मग त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली.

मुलं मोजण्याची सवय राज्याला तशी जुनी. २००० चं लोकसंख्या धोरण, मग २००५ चे लहान कुटुंबाचे नियम. तिसरं मूल झालं तर सरकारी नोकरीचा अर्जच बाद. मुलींसाठीच्या योजनाही त्याच साच्यातल्या. माझी कन्या भाग्यश्री २०१६ ची, एका मुलीनंतर शस्त्रक्रिया केली तर मुलीच्या नावे ५०,००० ची ठेव. ती जाऊन २०२३ मध्ये लेक लाडकी आली: पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मल्यावर ५०००, पहिलीत ६०००, सहावीत ७०००, अकरावीत ८०००, अठराव्या वर्षी ७५,०००. एकूण एक लाख एक हजार, आहेराच्या पाकिटासारखा वरचा एक हजार धरून. अट इथंही आहे, दुसऱ्या अपत्यानंतर आई किंवा बापानं कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करायची. व्यवहारात ती कोण करून घेतं, हे डागा या बायकांच्या दवाखान्याच्या आवारात तासभर उभं राहिलं की कळतं.

राज्याचा एकूण जननदर पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाला, म्हणजे लोकसंख्या टिकवायला लागतो त्या २.१ च्या बराच खाली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरातल्याच एका कुलसंमेलनात व्यासपीठावरून सरसंघचालकांनी, हा २.१ चा आकडा सांगत, दोनपेक्षा जास्त, म्हणजे तीन मुलं हवीत असं आवाहन केलं. टाळ्या पडल्या. लेक लाडकीत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुली धरतात. त्यांतल्या मोठ्या २०२९ च्या सुमारास पहिलीत जातील आणि सहा हजारांसाठी आया अर्ज घेऊन अंगणवाडीत येतील. मुलगी घरातलं दुसरं अपत्य असेल तर अर्जाला शस्त्रक्रियेचं प्रमाणपत्र जोडावं लागेल.