ग्रहगोलांचे संगीत

ग्रहगोलांचे संगीत : सूर्य, चंद्र, ग्रह आणि तारे यांच्या गतींमध्ये किंवा अंतरांमध्ये संगीतातील स्वरांतरांसारखीच संख्यात्मक प्रमाणे आहेत आणि त्यामुळे सारे विश्व ही एक सुसंवादी स्वररचना आहे, अशी प्राचीन ग्रीक विचारात उदयाला आलेली कल्पना. लॅटिन परंपरेत तिला ‘मुझिका मुंडाना’ म्हणजे विश्वसंगीत हे नाव मिळाले. हे संगीत खरोखर ध्वनिरूप असते, की ते केवळ बुद्धीला उमगणारे प्रमाण आहे, याविषयी कल्पनेच्या पुरस्कर्त्यांतच आरंभापासून मतभेद होते. पुढील काळातील अवकाशविषयक संगीतावर तिची छाप आहे. तिच्या बहुतेक प्राचीन मांडण्यांत पृथ्वी मात्र मुकी आहे. जी हलत नाही तिला स्वर कसा असणार, हा त्यामागचा तर्क होता.

भारतीय संगीतशास्त्रातील अनाहत (आघाताविना असणाऱ्या) नादाशी या कल्पनेची पुष्कळदा सांगड घातली जाते. शार्ङ्गदेवाच्या तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात आहत आणि अनाहत असे नादाचे दोन प्रकार सांगितले आहेत, हे खरे. तथापि तेथील अनाहत नाद हा योगसाधनेचा, देहाच्या आत अनुभवण्याचा विषय आहे. ग्रहांच्या गतींशी अथवा अंतरांशी त्याचा गणिती संबंध जोडलेला नाही. म्हणून या दोन कल्पना वेगळ्या मानणेच युक्त ठरते.

उगमाचा प्रश्न : या कल्पनेचे जनकत्व परंपरेने पायथॅगोरसकडे (इ. स. पू. सहावे शतक) दिले जाते. त्याने स्वतः लिहिलेले काहीही उपलब्ध नाही. तो हे संगीत प्रत्यक्ष ऐकू शकत असे, असे सांगणारे पॉर्फिरी व आयँब्लिकस हे चरित्रकार इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांतील, म्हणजे त्याच्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी होऊन गेलेले आहेत. लोहाराच्या भात्यापाशी हातोड्यांचे सुसंवादी आवाज ऐकून त्याने १२, ९, ८ व ६ या वजनांची प्रमाणे शोधली आणि तितकीच वजने तारांना टांगून ती पडताळून पाहिली, ही प्रसिद्ध आख्यायिकाही उत्तरकालीन आहे. शिवाय भौतिकीच्या दृष्टीने ती चुकीची आहे. तारेची कंप्रता (दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या) ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वरच्या सप्तकातील षड्ज मिळवण्यासाठी ताण दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हिन्चेन्झो गॅलिली (गॅलिलीओचे वडील) यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. त्याआधीची कित्येक शतके ही गोष्ट एका ग्रंथातून दुसऱ्या ग्रंथात उतरवली गेली आणि वजने टांगून पाहण्याचे कष्ट कोणी घेतल्याचे दिसत नाही.

तारेच्या लांबीच्या बाबतीत मात्र ही प्रमाणे अचूक लागू पडतात. ताण तोच ठेवून तार निम्मी केली की वरचा षड्ज (२:१), दोन तृतीयांश केली की पंचम (३:२) आणि तीन चतुर्थांश केली की मध्यम (४:३) मिळतो. पहिल्या चार संख्यांत ही सर्व प्रमाणे सामावतात आणि त्या चार संख्यांची बेरीज दहा होते. या दशकाला पायथॅगोरसचे अनुयायी ‘टेट्राक्टिस’ म्हणत व पवित्र मानत. आयँब्लिकसने जतन केलेल्या त्यांच्या एका मौखिक वचनात ‘डेल्फीचे दैवज्ञस्थान म्हणजे काय?’ या प्रश्नाला ‘टेट्राक्टिस, जिच्यात सायरेन (ग्रीक पुराणकथांतील गाणाऱ्या स्त्रिया) गातात तो सुसंवाद’ असे उत्तर दिले आहे. ही वचने बरीच जुनी असावीत, असे वाल्टर बुर्कर्ट यांच्यासह अनेक अभ्यासक मानतात.

लिखित पुराव्यांकडे वळल्यास, प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या संवादाच्या दहाव्या भागात (इ. स. पू. चौथ्या शतकाचा पूर्वार्ध) विश्वाच्या चातीभोवती आठ वलये फिरतात, प्रत्येक वलयावर एक सायरेन उभी राहून एकच स्वर काढते आणि आठ स्वर मिळून एक सुसंवाद होतो, असे वर्णन आहे. त्याच्याच ‘टिमीयस’मध्ये विश्वात्म्याची रचना १, २, ३, ४, ९, ८, २७ या संख्यांतून केलेली आहे, पण तेथे ध्वनीचा उल्लेख नाही. ॲरिस्टॉटलने ‘डी चेलो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथात, ग्रहगोलांच्या गतीतून ध्वनी निघतो हे मत मांडून खोडून काढले आहे. एवढे प्रचंड गोल एवढ्या वेगाने फिरत असताना आवाज झालाच पाहिजे आणि तो जन्मापासून कानी असल्याने तांबटाला जसा ठोक्यांचा आवाज जाणवत नाही तसा तो आपल्याला जाणवत नाही, असे पायथॅगोरसपंथी म्हणत. त्यावर ॲरिस्टॉटलचे उत्तर असे, की गडगडाटाने दगड फुटतात, मग इतका मोठा आवाज असता तर त्याचे परिणामही दिसले असते. हे मत तो ‘पायथॅगोरसच्या अनुयायांचे’ म्हणून सांगतो, खुद्द पायथॅगोरसचे म्हणून नव्हे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

आणखी एक अडचण आहे. पायथॅगोरसच्या पंथातील फिलोलाउस (इ. स. पू. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) याच्या विश्वरचनेत मध्यवर्ती अग्नीभोवती दहा गोल फिरतात व पृथ्वीही त्यांतच येते. दहा गोल सात किंवा आठ स्वरांच्या मालिकेत बसवणे कठीण आहे. काही अभ्यासकांनी या कल्पनेचे मूळ बॅबिलोनियात शोधले. इ. स. पू. १८०० च्या सुमाराच्या मातीच्या इष्टिकांवर तंतुवाद्य जुळवण्याच्या सात पद्धती आढळतात, हा त्यांचा आधार. परंतु त्या स्वरांचा ग्रहांशी संबंध जोडणारा पुरावा त्यांत नाही. एकूण पाहता, संख्या, सुसंवाद आणि आकाश यांची जोडणी आरंभीच्या पायथॅगोरसपंथी वर्तुळातील असावी आणि ग्रहवार स्वरमालिका मात्र प्लेटोनंतर तयार झाल्या असाव्यात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्वरमालिका : ग्रीक-रोमन काळात अशा किती तरी मालिका तयार झाल्या. त्यांत एकवाक्यता नाही. सिसेरोच्या ‘स्किपिओचे स्वप्न’ या प्रकरणात (इ. स. पू. पहिले शतक) ताऱ्यांचा गोल सर्वांत उंच आणि चंद्र सर्वांत खालचा स्वर काढतो, निकोमाकसच्या मालिकेत याउलट शनीचा स्वर सर्वांत खालचा व चंद्राचा सर्वांत उंच आहे. पहिल्यात गोलाचा वेग विचारात घेतला आहे, तर दुसऱ्यात ग्रहाची स्वतःची संथ चाल. सिसेरोची पृथ्वी स्थिर व नि:शब्द आहे.

थोरल्या प्लिनीने अंतरेच स्वरांत मोजली. पृथ्वीपासून चंद्र एक पूर्णस्वर (दोन अर्धस्वरांइतके अंतर), तेथून बुध अर्धा, शुक्र अर्धा, सूर्य दीड, मंगळ एक, गुरू अर्धा, शनी अर्धा आणि राशिचक्र दीड, अशी ही मालिका आहे. तिची बेरीज सात पूर्णस्वर होते. पण सप्तक सहाच पूर्णस्वरांचे असते. सेन्सोरायनस (तिसरे शतक) शेवटचे अंतर दीडऐवजी अर्धे धरतो, म्हणजे बेरीज बरोबर सहा येते. प्लिनीचा आकडा ही नकलनविसाची चूक की वेगळीच परंपरा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आकडे सप्तकात बसावेत म्हणून ते कोणीतरी नंतर दुरुस्त केले असणे अधिक संभवनीय आहे.

मध्ययुग : सहाव्या शतकाच्या आरंभी बोईथियसने संगीताचे विश्वाचे, मानवाचे (देह व आत्मा यांचा मेळ) आणि वाद्यांचे असे तीन वर्ग केले. ही विभागणी युरोपातील शिक्षणक्रमात जवळजवळ हजार वर्षे टिकली. अरबी परंपरेत दहाव्या शतकातील बसऱ्याच्या ‘इख्वान अल्-सफा’ या मंडळाने ही कल्पना उचलून धरली, तर स्वतः वादक असलेल्या अल्-फाराबीने ती नाकारली.

केप्लर : या कल्पनेची सर्वांत काटेकोर मांडणी जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने ‘हार्मोनिसेस मुंडी’ (१६१९) या पाच भागांच्या ग्रंथात केली. पृथ्वी स्थिर नाही हे मान्य केल्यामुळे त्याच्याकडे तिलाही स्वर मिळाला. लंबवर्तुळाकार कक्षेत ग्रहाचा वेग बदलत राहतो, हे त्याने १६०९ मध्ये दाखवले होते. म्हणून त्याने एका ग्रहाला एक ठरावीक स्वर दिला नाही. सूर्यावरून पाहिल्यास ग्रह एका दिवसात किती कोन सरकतो, हे माप त्याने घेतले आणि अपसूर्य बिंदूपाशी (सूर्यापासून सर्वांत दूर) व उपसूर्य बिंदूपाशी (सर्वांत जवळ) येणाऱ्या त्याच्या मूल्यांची तुलना केली. शनीसाठी ही मूल्ये १ कला ४६ विकला आणि २ कला १५ विकला येतात (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा भाग). त्यांचे प्रमाण जवळपास ४:५, म्हणजे षड्ज व शुद्ध गंधार यांचे. गुरूसाठी ५:६, मंगळासाठी २:३, पृथ्वीसाठी १५:१६, शुक्रासाठी २४:२५ आणि बुधासाठी ५:१२ अशी प्रमाणे त्याने निश्चित केली. शनी व गुरू यांचा आवाज खर्जातला, मंगळाचा त्याच्या वरचा, पृथ्वी व शुक्र यांचा मधला आणि बुधाचा सर्वांत उंच, असा त्याचा सहा जणांचा गायकवृंद होता.

पृथ्वीच्या वाट्याला १५:१६ हा अर्धस्वर आला. पाश्चात्त्य स्वरनामांत हे ‘मी-फा-मी’ होते, आपल्याकडे शुद्ध गंधार व शुद्ध मध्यम यांच्यातले अंतर. ‘मी’ व ‘फा’ या अक्षरांवरून केप्लरने लॅटिनमध्ये दैन्य (मिझेरिया) व दुष्काळ (फामेस) असा श्लेष केला आणि आपल्या या घरी याच दोघांचे राज्य आहे, अशी टिप्पणी जोडली. तीस वर्षांच्या युद्धाला नुकतीच सुरुवात झाली होती, हे लक्षात घेतल्यास हा विनोद फारसा हलका वाटत नाही.

ही प्रमाणे कितपत खरी आहेत, हे आजच्या विमध्यतेच्या (कक्षा वर्तुळापासून किती लांबट आहे याच्या मापाच्या) मूल्यांवरून तपासता येते. पृथ्वीची विमध्यता ०.०१६७ आहे, त्यावरून दोन टोकांच्या कोनीय वेगांचे गुणोत्तर १.०६९ येते, आणि १६:१५ म्हणजे १.०६७. शनीचे १.२५४ हे गुणोत्तर ५:४ च्या अगदी जवळ जाते. मंगळाचे १.४५ हे ३:२ पासून बरेच दूर आहे, आणि शुक्राच्या बाबतीत तर केप्लरच्या स्वतःच्या आकड्यांतूनही २५:२४ इतके मोठे अंतर निघत नाही. आकाशात प्रत्यक्ष ध्वनी नसतो, हे केप्लरने स्पष्ट नोंदवले आहे. त्याच्या मते हा सुसंवाद बुद्धीने ऐकायचा होता. याच मुद्द्यांवर इंग्लिश वैद्य व गूढवादी रॉबर्ट फ्लडशी त्याचा कडवट वाद झाला. विश्वाचे चित्र एकतारीच्या रूपात काढणाऱ्या फ्लडच्या संख्या प्रतीकात्मक होत्या, तर केप्लरला मोजमापाशी जुळणाऱ्या संख्या हव्या होत्या. ग्रहाच्या परिभ्रमणकाळाचा वर्ग हा सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो, हा त्याचा तिसरा नियम याच ग्रंथाच्या पाचव्या भागात आला आहे. स्वर बाजूला पडले आणि नियम टिकला.

न्यूटनने १६९० च्या दशकातील अप्रकाशित टिपणांत, पायथॅगोरसला तारांच्या ताणावरून गुरुत्वाकर्षणाचा व्यस्त वर्गाचा नियम ठाऊक होता, असे सुचवले आहे. ते ऐतिहासिक दृष्ट्या स्वीकारता येत नाही.

आधुनिक संगीत : एकोणिसाव्या शतकापर्यंत ही कल्पना मुख्यतः काव्यात व शीर्षकांत उरली. गुस्ताव होल्स्टचे ‘द प्लॅनेट्स’ हे वाद्यवृंदासाठीचे सात भागांचे संगीत (पहिला प्रयोग लंडन, २९ सप्टेंबर १९१८) पुष्कळदा या परंपरेत गणले जाते. पण त्याचा आधार खगोलशास्त्र नसून फलज्योतिष आहे, आणि म्हणूनच त्यात पृथ्वी नाही. पाउल हिंडेमिथने केप्लरच्या जीवनावर ऑपेरा रचला (१९५७). जॉन केजने ‘अ‍ॅटलस एक्लिप्टिकॅलिस’मध्ये (१९६१) तारानकाशांवर पारदर्शक कागद ठेवून ताऱ्यांच्या स्थानांवरून स्वर ठरवले. चार्ल्स डॉजच्या ‘अर्थ्स मॅग्नेटिक फील्ड’ (१९७०) या संगणकीय रचनेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील १९६१ सालच्या चढउतारांच्या नोंदी स्वरांत बदलल्या आहेत. पृथ्वीच्या वाट्याला केप्लरने दिलेल्या दोन स्वरांपेक्षा अधिक काही आले, ते येथे.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर बसवलेल्या सुवर्णतबकडीत २७ संगीतरचना आहेत. केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी त्यांपैकी एक. तबकडीतील ‘पृथ्वीचे ध्वनी’ हा विभाग मात्र पृथ्वीवरील कोणत्याही आवाजाने सुरू होत नाही. केप्लरच्या आकड्यांवरून लॉरी स्पीगल यांनी संगणकावर तयार केलेली ग्रहांची स्वररचना त्याच्या आरंभी आहे.

ध्वनीकरण : अवकाशातील मोजमापांचे ऐकू येणाऱ्या ध्वनीत रूपांतर करण्याच्या पद्धतीला ध्वनीकरण म्हणतात. येथे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. ययाती तारकासमूहातील दीर्घिकागुच्छात खऱ्या दाबलहरी आहेत. २००३ मध्ये त्यांचा स्वर मध्य सप्तकातील ‘सी’च्या खाली ५७ सप्तके ठरवण्यात आला आणि २०२२ मध्ये तो तितकाच वर आणून ऐकवण्यात आला. याउलट, छायाचित्रातील तेजस्वितेला किंवा रंगाला स्वर देणे ही रचनाकाराची निवड असते, आणि कोणती स्वरपट्टी घ्यायची हेही तोच ठरवतो. प्राचीन कल्पनेच्या सर्वांत जवळ जाते ते ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवतीच्या सात ग्रहांचे उदाहरण (२०१७). सर्वांत आतला ग्रह सुमारे दीड दिवसात, तर सर्वांत बाहेरचा सुमारे १९ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण करतो. आतून बाहेर जाताना लगतच्या ग्रहांच्या परिभ्रमणकाळांची प्रमाणे अनुक्रमे ८:५, ५:३, ३:२, ३:२, ४:३ आणि ३:२ यांच्या जवळ येतात. ही जुळणी ग्रहांच्या परस्पर गुरुत्वाकर्षणातून निर्माण होते व टिकून राहते. तीत षड्ज-पंचमाचे प्रमाण तीनदा आणि षड्ज-मध्यमाचे एकदा येते.