गुडघ्याची गादी फाटून सरकली असेल तर: टाक्यांच्या पद्धती समजून घ्या

(ऑपरेशन ठरलेल्या पेशंटसाठी आणि घरच्यांसाठी, आमच्या फिजिओथेरपी केंद्राकडून)

ऑपरेशन ठरलं की पेशंट बहुधा दोनच गोष्टी विचारतात: भोकं किती पडणार आणि सुट्टी किती दिवस काढायची. त्याआधी डॉक्टरांना एक विचारा. गादी शिवणार, की फाटलेला तुकडा काढून टाकणार?

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली कुर्चेची गादी. प्रत्येक गुडघ्यात अशा दोन असतात. कबड्डीत, कुस्तीत किंवा पाय जमिनीत रोवलेला असताना अंग वळलं, की ती उभी चिरते. चीर लांब असेल तर आतली कड सुटते, बादलीच्या कडीसारखी उलटते आणि सांध्याच्या मधोमध अडकते. गुडघा लॉक होतो, सरळच होत नाही. अशा वेळी तेल लावून, ओढून, दाबून तो सरळ करायला कुणालाही देऊ नका. अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.

गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोहोचतं, मोठ्या माणसात साधारण 10 ते 30 टक्के रुंदीपर्यंत. चीर तिथे किंवा तिच्या जवळ असेल तर टाके धरतात. अगदी आतल्या भागात असेल, किंवा तुकडा पार चुरगळला असेल, तर तो काढावा लागतो. काढल्यावर माणूस लवकर चालायला लागतो, म्हणून तो पर्याय सोपा वाटतो. पण गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये झीज दिसते, हे फेअरबँक यांनी 1948 मध्येच मांडलं होतं. पेशंट तरुण असेल आणि शिवणं शक्य असेल, तर शिवूनच घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

<b>टाके घालायचे तीन मार्ग</b>

सुरुवात सगळीकडे सारखीच. दुर्बिणीतून बघत सरकलेला तुकडा जागेवर बसवतात, रक्त यावं म्हणून चिरेच्या कडा खरवडतात, मग टाके.

इनसाइड-आउट पद्धतीत लांब सुया सांध्यातून बाहेर काढतात आणि गाठी सांध्याच्या आवरणावर मारतात. त्यासाठी गुडघ्याच्या मागच्या बाजूला आणखी एक छेद लागतो. तिथून संवेदना नेणारी नस (नर्व्ह) जाते, ती जपावी लागते. काहींना नंतर आतल्या बाजूला बधिरपणा राहतो. पण सुया बारीक असल्याने लांब चिरेवर हवे तितके टाके घालता येतात, आणि अँकरचा (टाका आतून अडकवून धरणाऱ्या छोट्या खुंटीचा) खर्च नसतो. मोठ्या चिरेसाठी आजही याच पद्धतीला प्रमाण मानतात.

ऑल-इनसाइड पद्धतीत छोटे अँकर आतूनच बसवतात. वेगळा छेद नाही, वेळ कमी. गादीच्या मागच्या टोकासाठी ही सोयीची. मात्र प्रत्येक अँकरमागे बिल वाढतं, आणि लांब चिरेला अनेक लागतात. क्वचित अँकर सुटतो किंवा हाडावरच्या कुर्चेला घासतो. गुडघ्यामागे मुख्य रक्तवाहिनी असते, त्यामुळे सुई किती खोल जाते यावर सर्जनचं बारीक लक्ष लागतं.

आउटसाइड-इन पद्धतीत सुई बाहेरून सांध्याच्या आत घालतात. ही मुख्यतः गादीच्या पुढच्या भागासाठी.

बादलीच्या कडीसारखी चीर मागून पुढपर्यंत जाते, म्हणून सर्जन बऱ्याचदा दोन पद्धती मिळून वापरतात. त्यात वावगं काही नाही. इनसाइड-आउट आणि ऑल-इनसाइड यांच्या निकालांत मोठा फरक आढळलेला नाही. दोन्हींत काही वर्षांत पाचपैकी साधारण एक दुरुस्ती टिकत नाही. त्यामुळे छेद कमी म्हणून पद्धत निवडू नका. तुमच्या सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसला आहे, तीच बरी. एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा) हेही तुटलं असेल तर दोन्हींचं ऑपरेशन एकत्र करणं फायद्याचं, कारण त्या वेळी हाडाला पाडलेल्या छिद्रातून येणारं रक्त गादी जुळायला मदत करतं.

<b>नंतरचे महिने</b>

उभ्या चिरेचे टाके असतील तर पाय सरळ ठेवून, ब्रेस (गुडघ्याला आधार देणारा पट्टा) लावून वजन देण्याची परवानगी बऱ्याचदा लवकर मिळते. वाकवणं मात्र पहिले 4 ते 6 आठवडे साधारण 90 अंशांपर्यंतच. उकिडवं बसणं, मांडी घालणं, भारतीय पद्धतीचा संडास हे सुमारे 4 महिने बंद. घरी कमोड खुर्चीची सोय ऑपरेशनआधीच करून ठेवा. खेळ सहसा 4 ते 6 महिन्यांनी. दुखणं थांबलं म्हणून कुणी लवकर मैदानात उतरलं, की आम्हाला खरोखर काळजी वाटते. दुखणं थांबतं तेव्हा गादी पूर्ण जुळलेली नसते.

पहिल्या भेटीला येताना डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोटची प्रत आणा. टाके किती, कुठे आणि कोणत्या पद्धतीने घातले हे त्यात असतं. गुडघा किती वाकवायचा हे आम्ही त्यावरून आणि तुमच्या सर्जनशी बोलूनच ठरवतो.