फक्त प्रश्नच विचारायचेत, तरी परवानगी कशाला?

आरोग्यविषयक संशोधनाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांची ही तक्रार हमखास असते: आम्ही ना औषध देणार, ना सुई टोचणार, मग एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासून परवानगी देणारी समिती, हवी कशाला?

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजण्याची प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा नववा प्रश्न असा: आपण मेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा आले? समजा, कुणी ‘जवळजवळ रोज’वर खूण केली. तो कागद गठ्ठ्यात पडून महिन्याभराने संगणकात भरला जाणार असेल, तर त्या माणसाचं काय? उत्तरं त्याच दिवशी कोण पाहणार, त्याच्याशी कोण बोलणार, त्याला कुणाकडे पाठवणार, हे प्रस्तावात नसेल तर कमिटी तो परत पाठवते. पाठवायलाच हवा.

हा काटेकोरपणा फार मोठी किंमत मोजून आला आहे. अमेरिकेतल्या टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास चालला. त्यातल्या ३९९ जणांना हा आजार होता. त्यांना सांगितलं गेलं, तुमचं रक्त खराब आहे. पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढायचं होतं, तेव्हा ‘खास मोफत उपचार’ म्हणून पत्रं गेली. पुढे त्यावरचं औषध, पेनिसिलिन, सर्रास मिळू लागलं, तरी त्यांना ते दिलं नाही. माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ मध्ये आली, तसाच हेलसिंकी जाहीरनामा १९६४ मध्ये. अभ्यास चालूच राहिला. संशोधनाचा आराखडा स्वतंत्र समितीपुढे ठेवावा, हे त्या जाहीरनाम्यात १९७५ च्या सुधारणेत आलं.

अशा समितीत डॉक्टर आणि शास्त्रज्ञांच्या जोडीला विज्ञानाबाहेरची आणि संस्थेबाहेरची माणसंही बसतात. संमतीपत्रावर त्यांचीच नजर सर्वांत तीक्ष्ण असते. ‘सहभागींचे १० मिलि शिरागत रक्तनमुने संकलित केले जातील’ या वाक्यापाशी ते थांबतात. ‘तुमच्या हाताच्या शिरेतून साधारण दोन लहान चमचे रक्त घेऊ. थोडं दुखेल, कदाचित काळंनिळं पडेल. नको वाटलं तर कधीही नाही म्हणा, तुमच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही,’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला निर्णय घेता येतो. सही घेणं सोपं आहे. समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तो द्यावाच लागतो.

‘संख्याशास्त्र आमचं आम्ही बघू, त्याचा नीतीशी काय संबंध?’ असंही ऐकू येतं. संबंध थेट आहे. इतक्या कमी लोकांवर चाचणी केली की निष्कर्षच निघू नये, तर त्या लोकांनी सोसलेला त्रास वाया जातो.

सगळ्याच प्रस्तावांना पूर्ण बैठक लागते असं नाही. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसारख्या कमी जोखमीच्या कामाची छाननी बहुतेक ठिकाणी लवकर होते. मात्र ती जोखीम कमी आहे, हे ठरवायचं कमिटीने, संशोधकाने नाही.

माहिती गोळा करून झाल्यावर मागाहून परवानगी मागू नका. कमिट्या सहसा ती देत नाहीत, आणि अशा कामाला संशोधनपत्रिकाही दार बंद करतात. मंजुरीनंतर समोरासमोरच्या मुलाखती फोनवर घ्यायचं ठरलं, तरी आधी सुधारणेचा अर्ज द्यायचा आणि होकार येईपर्यंत थांबायचं.