हेझलनट : पोषकद्रव्ये व ऑक्सिडीकरणरोधके

हेझलनट हे भूर्ज कुलातील (बेट्युलेसी) कॉरिलस प्रजातीच्या झुडपांचे एकबीजी, कठीण कवचाचे फळ होय. व्यापारातील बहुतेक माल कॉरिलस ॲव्हेलाना या जातीचा असतो. उत्पादनात तुर्कस्तानचा काळ्या समुद्रालगतचा पट्टा अग्रेसर असून इटली, अझरबैजान आणि अमेरिकेतील ओरेगन राज्य येथेही मोठी लागवड आहे. ‘ॲव्हेलाना’ हे नाव इटलीतील आव्हेला (प्राचीन आबेल्ला) या गावावरून आले, असे सामान्यतः मानतात. प्राचीन रोमन लेखक थोरल्या प्लिनीने मात्र ही फळे पाँटसमधून (काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील प्राचीन प्रदेश) ग्रीसमध्ये आली व म्हणून ‘पाँटिक’ म्हटली गेली, असे नोंदविले आहे. एक बाब ‘ॲव्हेलाना’ या नावाच्या व दुसरी फळाच्या वाणाच्या उगमाची आहे, असे धरल्यास या दोन विधानांत विरोध उरत नाही.

१०० ग्रॅ. कच्च्या गरात सुमारे ६१ ग्रॅ. स्निग्ध पदार्थ, १५ ग्रॅ. प्रथिने व १० ग्रॅ. तंतू असून त्यापासून सु. ६३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. स्निग्धांशाचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग एकट्या ओलेइक अम्लाचा असतो. त्याच गरात जीवनसत्त्व ई सु. १५ मिग्रॅ., मँगॅनीज ६ मिग्रॅ., तांबे १·७ मिग्रॅ., मॅग्नेशियम १६० मिग्रॅ. व फोलेट ११० मायक्रोग्रॅ. आढळते. जीवनसत्त्व ई येथे मुख्यतः आल्फा-टोकोफेरॉलच्या रूपात असते. इतके तेल असूनही अखंड गर लवकर खवट होत नाही, याचे मोठे श्रेय या टोकोफेरॉलला आणि सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या लिनोलेइक अम्लाच्या कमी प्रमाणाला जाते. मँगॅनीज व तांबे स्वतः ऑक्सिडीकरणरोधक नव्हेत. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या शरीरातील संरक्षक एंझाइमांचे ते घटक आहेत. स्टेरॉलांपैकी बीटा-सिटोस्टेरॉल प्रमुख आहे.

ऑक्सिडीकरण रोखणारी फिनॉलिक संयुगे गरापेक्षा त्यावरील पातळ तपकिरी सालीत एकवटलेली असतात. कॅटेचीन, एपिकॅटेचीन, गॅलिक अम्ल आणि विशेषतः प्रोअँथोसायनिडीन (टॅनिनांचा एक प्रकार) ही त्यांतील महत्त्वाची होत. सालीसह गरात प्रोअँथोसायनिडिनांचे प्रमाण १०० ग्रॅमला सु. ५०० मिग्रॅ. इतके नोंदले गेले असून कठीण कवचाच्या फळांत ते सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. सालीचा तुरटपणा याच टॅनिनांचा आहे. मिठाई उद्योगात गर भाजून, चोळून साल काढतात, तेव्हा तुरटपणाबरोबर ही संयुगेही जातात. म्हणून सोललेल्या व न सोललेल्या गराचे आकडे एकत्र वाचणे चूक ठरते. परीक्षानलिकेत मोजलेल्या ‘ओरॅक’ (ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता दाखविणाऱ्या) मूल्यांवरून खाद्यपदार्थांची क्रमवारी लावण्याची प्रथा दीर्घकाळ होती. शरीरातील परिणामांशी या मूल्यांचा संबंध सिद्ध होत नसल्याने अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली सूची मागे घेतली. तरीही हे आकडे अजून उद्धृत होतात, हे खेदजनक आहे.

पॅक्लिटॅक्सेल (टॅक्सॉल) या कर्करोगरोधी संयुगाचा उगम हा या वनस्पतीसंबंधी सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतून मिळालेल्या या संयुगाची संरचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस ओरेगनमधील संशोधकांना हेझल झुडपात त्याचा अंश आढळला. पुढे पाने व टाकाऊ कवचांतही टॅक्सेन संयुगे (पॅक्लिटॅक्सेल ज्या गटात मोडते ती) मिळाली. हे संयुग वनस्पतीचे की तिच्या ऊतकांत राहणाऱ्या अंतःवासी कवकांचे? हेझलमधून वेगळ्या केलेल्या पेनिसिलियमच्या एका वाणातही त्याची नोंद झाल्याने कवकपक्षाला बळ मिळाले. मात्र अशा कवकांत टॅक्सेननिर्मितीचा स्वतंत्र जीवरासायनिक मार्ग असल्याबद्दल २०१३ च्या सुमारास गंभीर शंका घेण्यात आली. दुसरीकडे, हेझलच्या पेशीसंवर्धनांतही पॅक्लिटॅक्सेल तयार होते. त्यामुळे वनस्पतीकडे स्वतःची क्षमता असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कवकांचा सहभाग त्यामुळे नाकारला जात नाही. गर खाऊन औषधी मात्रा मिळते, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

हृदयविकाराबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये हेझलनटसह काही कवचफळांसाठी, रोज सु. ४२ ग्रॅ. सेवनाने या विकाराचा धोका कमी होऊ शकतो, असा सावध शब्दांतील दावा वेष्टनावर छापण्यास अनुमती दिली.

हेझलनटमुळे अधिहर्षता (ॲलर्जी) उद्भवू शकते. कोर-ए-१ हे त्यातील प्रथिन भूर्ज परागातील प्रथिनाशी साम्य दाखविते व बहुधा तोंडापुरतीच खाज आणते. कोर-ए-९ व कोर-ए-१४ या साठवण प्रथिनांची प्रतिक्रिया तीव्र असू शकते आणि भाजण्याने ती भरवशाने टळत नाही.