देव न मानणारा नीती सोडतो?

"देवाची भीती गेली की माणूस मोकाट सुटतो," हे आमच्या इंदुरातल्या मराठी घरांत लहानपणापासून कानावर पडतं. ते खरं नाही. इतवारिया बाजारातलं काच मंदिर आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. ते जैनांचं, आणि जैन दर्शन जग निर्माण करणारा ईश्वर मानतच नाही! तरी अहिंसेचे, अपरिग्रहाचे म्हणजे संग्रह न करण्याचे त्यांचे नियम किती कडक. किडामुंगी चिरडू नये म्हणून जपून पाऊल टाकणाऱ्या मुनींना अनीतिमान कोण म्हणेल? (पूर्वमीमांसा या वेदांतल्या कर्मांचा विचार करणाऱ्या दर्शनालाही सृष्टिकर्ता लागला नाही; धर्माचरण मात्र हवंच होतं.) आणि आपले समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर? देवावर श्रद्धा नव्हती. १८८८ साली त्यांनी 'सुधारक' हे वृत्तपत्र काढलं. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी विधवांच्या केशवपनाविरुद्ध ते लिहीतच राहिले.