लाकडी पाट्या, बाहेर लावण्याच्या

दुकान, घर, संस्था, बाग किंवा वाट यांची ओळख सांगण्यासाठी लाकडावर अक्षरे व चित्रे रंगवून उघड्यावर लावलेला फलक. अशी पाटी मागणीनुसार एकेकच घडते. तिचा आकार, अक्षरांचे वळण, रंग आणि लावण्याची जागा आधी ठरवून घ्यावी लागते. रेखीव अक्षरे हे तिचे वैभव खरेच, पण पाटी किती वर्षे टिकणार हे पहिले अक्षर लिहिण्याआधीच बरेचसे ठरलेले असते.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्यानुसार फुगते आणि आटते. ओले लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने बहुधा ६ ते १० टक्के आकसते, वलयांना काटकोनात त्याच्या निम्म्याच्या आसपास, तर लांबीत जेमतेम ०.१ ते ०.२ टक्के. म्हणून वलयांना काटकोनात चिरलेली फळी पाटीसाठी सर्वांत भरवशाची. ती कमी हलते आणि तिला बाकही कमी येतो. साग, महोगनी आणि रेड सीडर ही लाकडे उघड्यावर चांगली टिकतात. सागात मात्र नैसर्गिक तेल असते. रंगवण्यापूर्वी पृष्ठभाग द्रावकाने पुसला नाही तर रंग नीट धरत नाही. मोठ्या सपाट पाटीला बाह्य वापराचे प्लायवूड घेतात. दोन्ही अंगांना राळेत भिजवलेला कागद दाबून बसवलेले प्लायवूडही मिळते आणि त्यावर रंग फार चांगला बसतो. साधे एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) पावसात फुगून फुटते, त्यामुळे ते बाहेर वापरू नये.

पाणी सर्वांत आधी शिरते ते फळीच्या टोकांतून. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि सपाट अंगापेक्षा टोके कित्येक पटींनी जास्त पाणी ओढतात. प्लायवूडच्या कडांचेही तसेच. कुजणे आणि पोपडे सुटणे बहुधा इथूनच सुरू होते. त्यामुळे टोकांना आणि कडांना प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, दोन-तीन हात द्यावेत, प्लायवूडच्या कडा लांबीने (पुट्टीने) किंवा इपॉक्सी राळेने भरून घ्याव्यात. धारदार कोपऱ्यावर रंगाचा थर पातळ होतो, म्हणून कडा सुमारे ३ मिलिमीटर गोलवाव्यात. मागची बाजू भिंतीकडे असते म्हणून ती कोरी सोडण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो महागात पडतो. पुढून रंग आणि मागून कोरे लाकूड असेल तर दोन्ही अंगे सारखी हलत नाहीत आणि फळी वाकते. जितके हात पुढे, तितकेच मागे, हा नियम पाळावा.

गाठींमधून राळ पाझरून रंगावर पिवळे-तपकिरी डाग उमटतात. त्यांवर शेलॅकचे, म्हणजे लाखेच्या द्रावणाचे, अस्तर देतात. तासलेली फळी उन्हात तशीच ठेवू नये. सूर्याच्या अतिनील किरणांनी लाकडातील लिग्निनचे, म्हणजे तंतू बांधून ठेवणाऱ्या द्रव्याचे, विघटन होते आणि काही आठवड्यांतच रंगाची पकड कमी होते. साधे पारदर्शक वॉर्निश बाहेर फार टिकत नाही, ते याच कारणाने: किरणे त्यातून आरपार जाऊन खालच्या लाकडाला गाठतात. अपारदर्शक रंग मात्र त्यांना अडवतो.

आखणीसाठी जुनी पद्धत आजही उत्तम आहे. कागदावर पूर्ण मापाची अक्षरे काढून रेषांवर बारीक छिद्रे पाडतात आणि खडूच्या किंवा कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून फिरवतात. अक्षरे लांब, मऊ केसांच्या कुंचल्याने लिहिली जातात आणि ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून मनगटाखाली काठीचा टेकू घेतात. दर ३ मीटर अंतरासाठी सुमारे २.५ सेंटिमीटर उंचीचे अक्षर सहज वाचता येते. अक्षरांपेक्षा त्यांच्यामधील मोकळी जागा साधणे अवघड. ती मोजपट्टीने मोजायची नसते, डोळ्याने तोलायची असते. लोह ऑक्साइडचे तांबडे-पिवळे रंग उन्हात वर्षानुवर्षे टिकतात, अनेक भडक सेंद्रिय रंगद्रव्ये मात्र लवकर विटतात. गडद पार्श्वभूमी जास्त तापते, म्हणून राळ असलेल्या लाकडावर ती जपून वापरावी. कोरीव अक्षरांवर चढवलेला शुद्ध सोन्याचा वर्ख काळा पडत नाही. त्यावर वॉर्निश नसलेलेच बरे.

पाटी लावणे हेही तितकेच जबाबदारीचे काम आहे. लंडनमध्ये १७१८ साली एका जड लटकत्या पाटीने भिंतीचा दर्शनी भागच खाली आणला आणि त्यात माणसे दगावली. पुढे १७६१ मध्ये पॅरिसमध्ये आणि १७६२ पासून लंडनमध्ये रस्त्यावर झुकणाऱ्या पाट्या काढून भिंतीलगत सपाट लावण्याचे नियम आले. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, कारण लोखंड टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडावर काळे ओघळ उठवते. रुंद फळीत रुंदीच्या दिशेने लांबट भोके ठेवली तर ती हलू शकते आणि तडकत नाही. भिंतीपासून थोडे अंतर सोडले तर मागे हवा खेळते. वरच्या कडेला उतार किंवा पत्र्याची टोपी दिली तर पाणी साचत नाही.

वर्षातून एकदा पाटी पुसून तिच्या कडा तपासाव्यात. केसाएवढी चीर दिसली तर तेवढाच भाग घासून, पूर्ण वाळू देऊन प्रायमर आणि रंग लावावा. पोपडे सुटेपर्यंत थांबले तर अक्षरांसकट सगळा रंग खरवडावा लागतो.